कसोटी पाचव्या दिवसाची

कोल्हापूर, प्रतिनिधी

पुणे शहर आणि जिल्ह्यातील रस्त्यांवर १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात झालेल्या ‘पुणे ग्रँड टूर’ने महाराष्ट्राला टप्प्यांच्या सायकल शर्यतीची खऱ्या अर्थाने ओळख करून दिली. पाच दिवस, सुमारे ४३७ किलोमीटर अंतर, आरंभी एक छोटा प्रोलॉग आणि त्यानंतर चार टप्पे असे तिचे स्वरूप होते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या (यूसीआय) २.२ या श्रेणीतील ही शर्यत न्यूझीलंडच्या ल्यूक मडग्वे याने जिंकली. तो ‘ली निंग स्टार’ या चिनी संघाकडून उतरला होता. भारतीयांमध्ये हर्षवीर सिंग सेखों सर्वांत पुढे राहिला. मात्र एकूण क्रमवारीच्या पहिल्या दहांत एकाही भारतीयाला स्थान मिळाले नाही.

या निकालाचे पडसाद कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, मिरज या पट्ट्यात उमटणे स्वाभाविक होते. मुंबई-पुणे शर्यतीत सांगली-मिरजेच्या सायकलपटूंनी दीर्घकाळ दबदबा राखला आहे. इचलकरंजीच्या पूजा दानोळे हिने खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदके मिळवून या पट्ट्याचे नाव देशभर नेले आहे. साहजिकच, पुन्हा अशी शर्यत होईल तेव्हा आपला सायकलपटू तिच्यात कोठे असेल, हा प्रश्न विचारला जातो. त्याचे प्रामाणिक उत्तर पहिल्या दिवसाच्या वेगात सापडणार नाही. पहिल्या दिवशी वेगाने धावू शकणारे पाय या भागात आहेत. पाचव्या दिवशी तेच पाय तेवढेच काम करतील काय, ही खरी कसोटी आहे आणि त्या कसोटीची तयारी करून घेणारी व्यवस्था मात्र आपल्याकडे नाही.

एका दिवसाचे शौर्य

महाराष्ट्राची सायकलिंगची परंपरा प्रामुख्याने एका दिवसाच्या शर्यतीची आहे. मुंबईहून निघायचे, बोरघाट चढायचा आणि पुण्यात पहिले पोहोचायचे, हा या परंपरेचा गाभा. ‘घाटाचा राजा’ हा किताब याच शर्यतीने लोकप्रिय केला आणि पुण्याचे कमलाकर झेंडे यांच्यासारख्या सायकलपटूंची नावे याच रस्त्याने घरोघरी नेली. अशा शर्यतीत राखून ठेवण्यासारखे काही नसते. अंगात आहे तेवढे सारे एकाच दिवशी ओतायचे असते. कुस्तीच्या मैदानात वाढलेल्या कोल्हापूरला हा हिशेब चटकन समजतो आणि आवडतोही.

टप्प्यांच्या शर्यतीचे गणित नेमके याच्या उलट आहे. तेथे सर्व दिवसांच्या वेळांची बेरीज होते आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता ठरतो. टप्प्याच्या शेवटी पहिल्या तिघांना काही सेकंदांची सवलत मिळते. एकत्र पोहोचलेल्या जथ्यातील सर्वांना एकच वेळ दिली जाते. म्हणजेच जथ्यात शंभरावा आलेला सायकलपटू विजेत्याच्या फार मागे नसतो. परंतु जथ्यापासून एकदा सुटला, की तो मिनिटांनी मागे पडतो. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादाही असते. विजेत्याच्या वेळेपेक्षा ठरावीक टक्क्यांहून अधिक वेळ लागला, तर दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन उभे राहण्याचा अधिकारच उरत नाही. त्यामुळे एका दिवशी केलेल्या पराक्रमाची किंमत दुसऱ्या दिवशी मोजावी लागते आणि एका दिवशी खाल्लेल्या हाराची भरपाई करायला क्वचितच दुसरा दिवस मिळतो.

दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये महाराष्ट्राने अलीकडच्या काळात मोठे नाव कमावले, हे खरे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरहून अधिक लांबीची, १५ टप्प्यांची शर्यत पूर्ण केली. पुणे ते गोवा ही ‘डेक्कन क्लिफहँगर’ तर कोल्हापूरवरूनच पुढे जाते. मात्र या प्रकारांत झोप, एकाकीपणा आणि शरीराची सोशिकता यांची परीक्षा होते. तेथे वेग तुलनेने संथ आणि सातत्यपूर्ण असतो. यूसीआयच्या टप्प्यांच्या शर्यतीत तीन तास दबा धरून राहायचे आणि अचानक एक मिनिट जीव तोडून पायडल मारायचे, असे प्रसंग दिवसातून वीस-पंचवीस वेळा येतात. सोशिकता दोन्हीकडे लागते. पण एकीचा सराव दुसरीला पुरत नाही.

फॉर्म म्हणजे नेमके काय?

क्रिकेटमध्ये ‘फॉर्म’ हा शब्द आपण बऱ्याच सैलपणे वापरतो. सायकलिंगमध्ये तो मोजता येतो. पायडलवर पडणारी शक्ती वॅटमध्ये मोजणारी उपकरणे आता व्यावसायिक सायकलपटूंच्या सायकलींवर सर्रास असतात. सायकलपटू दर किलो वजनामागे किती वॅट शक्ती किती वेळ टिकवू शकतो, यावरून घाटातील त्याचा क्रमांक बराचसा आधीच सांगता येतो. टूर द फ्रान्सच्या विजेतेपदाचे दावेदार निर्णायक चढणीवर अर्ध्या तासाहून अधिक काळ किलोमागे सहा वॅटहून अधिक शक्ती राखतात. चांगल्या तयारीचा हौशी सायकलपटू चार वॅटच्या आसपास असतो.

वजनाचे महत्त्व एका साध्या हिशेबातून लक्षात येईल. चारशे मीटर उंची सलग चढायची असेल आणि सायकलपटू २६० वॅट शक्ती टिकवून धरत असेल, तर अंगावरील प्रत्येक जादा किलोपोटी त्याचे साधारण १५ सेकंद जातात. कोल्हापूर शहर आणि पन्हाळगड यांच्या उंचीतील फरक साधारण एवढाच आहे. चार किलो वजन जास्त असेल, तर एका पन्हाळ्याला एक मिनिट गेले. या श्रेणीच्या शर्यतींत पहिल्या दहा जणांतील अंतर अनेकदा एका मिनिटात मावते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा हिशेब किती निष्ठुर आहे ते कळते.

तथापि, एका चढणीवरील वॅटचा आकडा म्हणजे संपूर्ण फॉर्म नव्हे. तंदुरुस्तीतून थकवा वजा केल्यावर जे उरते तो फॉर्म, असे प्रशिक्षक मानतात. तंदुरुस्ती महिनोन् महिन्यांच्या सरावाने हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. थकवा मात्र चार दिवसांत चढतो आणि आठवड्याभरात उतरतो. म्हणूनच मोठ्या शर्यतीपूर्वीच्या आठ-दहा दिवसांत सरावाचे अंतर कमी केले जाते, वेग मात्र कायम ठेवला जातो. आपल्याकडील अनेक तरुण नेमके याच दिवसांत धास्तीने सराव वाढवतात आणि पहिल्या टप्प्याला थकलेल्या पायांनी उभे राहतात.

जगातील अव्वल सायकलपटूंच्या तयारीतही हेच सूत्र दिसते. डेन्मार्कचा योनास विंगेगार्ड एप्रिल २०२४ मध्ये स्पेनमधील बास्क प्रांताच्या शर्यतीत कोसळला. गळपट्टीचे हाड मोडले, फुप्फुसाला इजा झाली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत तो टूर द फ्रान्सला उतरला आणि दुसरा आला. वर्षानुवर्षे साठवलेली तंदुरुस्ती इतक्या लवकर पुसली जात नाही, हे त्यातून दिसले. मात्र त्याच टूरमध्ये स्लोव्हेनियाच्या ताडेय पोगाचरने त्याला सहा मिनिटांहून अधिक अंतराने मागे टाकले. कारण पोगाचर त्याआधी जिरो द’इटालिया जिंकून शर्यतीच्या लयीत आला होता. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये पोगाचरने जूनमध्ये क्रितेरियम द्यू दोफिने जिंकली आणि जुलैत चौथ्यांदा टूर जिंकला. सरावाने पाय तयार होतात, पण शर्यतीची धार शर्यतीतच येते.

जथ्यात वावरण्याची विद्या

शर्यतीतील धार म्हणजे केवळ शारीरिक तीक्ष्णता नव्हे. जथ्यात दुसऱ्याच्या चाकामागे दडून सायकल चालवणाऱ्याची शक्ती, एकट्याने वारा कापणाऱ्याच्या तुलनेत एक चतुर्थांशाहून अधिक वाचते. ही बचत पाच दिवस करायची, तर ताशी ४५ किलोमीटर वेगाने पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर राहावे लागते. वळणापूर्वी पुढे सरकावे लागते. कारण मागे राहिलेल्याला प्रत्येक वळणानंतर ताणलेला जथा गाठण्यासाठी नव्याने जोर लावावा लागतो. अरुंद रस्त्यावर शंभर-दीडशे सायकली असतात तेव्हा जागा मिळवणे हीच एक लढाई असते. पुण्यातील पहिल्याच टप्प्यात झालेल्या मोठ्या सामूहिक अपघातानंतर ही बाब सर्वांच्याच लक्षात आली असेल.

खाण्यापिण्याचेही तसेच. चार तासांच्या टप्प्यात ताशी ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके पोटात जावी लागतात. गूळ-शेंगदाण्याचा लाडू पहाटेच्या सरावात चालतो. परंतु भर वेगात, धाप लागलेली असताना तो चावणे अवघड जाते. पोटालाही या आहाराचा सराव द्यावा लागतो. पहिल्या दिवशी केलेली उपासमार तिसऱ्या दिवशी पायांत उतरते, हा टप्प्यांच्या शर्यतींतील जुना अनुभव आहे.

हे सारे पुस्तकातून शिकता येत नाही. युरोपातील व्यावसायिक सायकलपटू वर्षाकाठी साधारण ६० ते ८० दिवस शर्यतीत घालवतो. भारतीय सायकलपटूच्या वाट्याला राष्ट्रीय स्पर्धा, एखादी आंतरराज्य स्पर्धा आणि स्थानिक हौशी शर्यती धरूनही यातील लहानसा अंश येतो. बंगळुरूच्या नवीन जॉनसारख्या मोजक्या सायकलपटूंनी बेल्जियम आणि ऑस्ट्रेलियात जाऊन शर्यतीचे दिवस गोळा केले. बाकीच्यांना दीडशे जणांच्या जथ्यात वावरण्याचा पहिला अनुभव थेट आंतरराष्ट्रीय शर्यतीतच घ्यावा लागतो. परीक्षेच्या दिवशीच पुस्तक उघडण्यासारखे हे आहे.

घाट आहेत, रस्ता मोकळा नाही

भूगोलाने मात्र कोल्हापूरला भरभरून दिले आहे. पन्हाळा आणि जोतिबा शहरापासून तासाभराच्या अंतरावर आहेत. गगनबावड्याचा रस्ता लांब पल्ल्याच्या सरावाला उत्तम. आंबा, फोंडा, करूळ, भुईबावडा आणि थोडे दक्षिणेला आंबोली असे कोकणात उतरणारे घाट एका दिवसाच्या आवाक्यात येतात. पुण्याच्या सायकलपटूला हेवा वाटावा, असा हा परिसर आहे.

अडचण ऋतुचक्राची आहे. जानेवारीतील शर्यतीची तयारी उलट मोजली, तर पायाभूत सरावाचे महिने जुलै ते ऑक्टोबर येतात. या काळात गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी तालुक्यांत मुसळधार पाऊस असतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर शहराकडे येणारे मुख्य रस्तेच दिवसच्या दिवस बंद राहिले. पाऊस ओसरला, की खड्डे उरतात. रस्ते कोठे दुरुस्त होतात तोच साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि नोव्हेंबरपासून उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्ता व्यापतात. वेगाचा, शर्यतीला साजेसा सराव करण्याचे महिने नेमके हेच. पहाटेच्या अंधारात, मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीच्या मागून ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. अशा परिस्थितीत सायकलपटू सराव टाळतो किंवा महामार्गाच्या सेवा रस्त्यावर सपाट किलोमीटर मोजत राहतो. घाट समोर दिसत असूनही त्याचा उपयोग करता येत नाही.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. पावसाळ्यात घरातील ट्रेनरवर मोजून-मापून केलेला दीड तासाचा सराव रस्त्यावरील तीन तासांच्या भटकंतीहून अधिक फलदायी ठरू शकतो. जिल्हा क्रीडा कार्यालय किंवा एखाद्या तालमीच्या सभागृहात दहा ट्रेनर मांडले, तर तीस मुलांचा पावसाळा वाया जाणार नाही. हिवाळ्यात आठवड्यातून दोन दिवस, सकाळी दोन तास, एखाद्या घाटरस्त्यावरील अवजड वाहतूक थांबवणे प्रशासनाला अशक्य नाही. ऊस वाहतुकीचे वेळापत्रक कारखाने ठरवतात आणि या जिल्ह्यात कारखाने चालवणारी मंडळीच खेळांचेही आश्रयदाते आहेत.

ट्रॅकची पदके आणि रस्त्याची उपेक्षा

भारतीय सायकलिंगने गेल्या दशकात मिळवलेले यश मुख्यत्वे ट्रॅकवरचे आहे. एसो अल्बेन, रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग यांनी २०१९ मध्ये कनिष्ठ जागतिक स्पर्धेत सांघिक स्प्रिंटचे सुवर्ण जिंकले. रोनाल्डोने २०२२ मध्ये दिल्लीत आशियाई स्पर्धेत वरिष्ठ गटाचे रौप्य मिळवले. हे यश मोठेच आहे. परंतु स्प्रिंट ही मिनिटभराच्या आतली शर्यत आहे. रस्त्यावरील शर्यतीसाठी लागणारे संघ, गाड्या, यांत्रिक, परदेश दौरे यांवर त्या प्रमाणात लक्ष दिले गेले नाही. ऑलिम्पिकमध्ये १९६४ च्या टोकियोनंतर पॅरिस २०२४ पर्यंत एकही भारतीय सायकलपटू उतरू शकलेला नाही, हे वास्तव या संदर्भात विसरता येणार नाही.

आर्थिक बाजू अधिक अवघड आहे. शर्यतीच्या दर्जाची कार्बन सायकल काही लाखांत जाते. शक्तिमापक, चाके, टायर यांचा खर्च वेगळा. सामान्य घरातील मुलाला हे परवडते ते खेळाडूंसाठीच्या कोट्यातून रेल्वे अथवा सैन्यदलात नोकरी मिळेल या आशेवर. ती नोकरी राष्ट्रीय पदकावर मिळते आणि राष्ट्रीय पदक एका दिवसाच्या प्रकारात मिळते. त्यामुळे पालक आणि प्रशिक्षक त्याच प्रकाराचा विचार करतात. त्यांना दोष देता येणार नाही. टप्प्यांच्या शर्यतीत चाळिसावा येणाऱ्या सायकलपटूला आपली व्यवस्था काहीच देत नाही. वास्तविक तो चाळिसावा क्रमांक राष्ट्रीय पदकापेक्षा अधिक कठीण असू शकतो.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. या पट्ट्यातील आजचे सर्वांत परिचित नाव पूजा दानोळे हिचे आहे. मात्र २०२६ ची पुण्यातील शर्यत पुरुषांचीच होती. फ्रान्समध्ये २०२२ पासून महिलांची टूर नव्या स्वरूपात सुरू झाली. चीन आणि थायलंडमध्येही महिलांच्या टप्प्यांच्या शर्यती झाल्या आहेत. आपल्या रस्त्यावर, आपल्या प्रेक्षकांसमोर अशी संधी मिळाली, तर इचलकरंजी आणि परिसरातील मुलींना राष्ट्रीय स्पर्धेच्या पलीकडचे लक्ष्य दिसेल.

आशेचा वास्तव हिशेब

मग शक्यता किती? पहिल्या काही वर्षांत या पट्ट्यातील सायकलपटू एकूण विजेतेपदाच्या शर्यतीत असेल, असे म्हणणे ही दिशाभूल ठरेल. २.२ श्रेणीच्या शर्यतीत एकूण विजेत्याला यूसीआयचे ४० गुण मिळतात. टूर द फ्रान्सच्या विजेत्याला १,३०० मिळतात. जागतिक सायकलिंगच्या शिडीवर ही खालची पायरी आहे. तरीही याच ४० गुणांसाठी आशिया, युरोप आणि ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक संघ पूर्ण ताकदीने येतात. अशा शर्यतीत आपल्या सायकलपटूचे पहिले उद्दिष्ट पाचही दिवस वेळेच्या मर्यादेत राहून शर्यत पूर्ण करणे, हेच असले पाहिजे. दुसरे, अखेरच्या घाटापर्यंत मुख्य जथ्यात टिकणे. तिसरे, एखाद्या टप्प्यात सुरुवातीलाच निसटणाऱ्या छोट्या गटात सामील होणे. एकूण क्रमवारीत मागे असलेल्याला बडे संघ अशा वेळी मोकळीक देतात. दुबळ्या संघांना मोठ्या शर्यतीत नाव मिळवून देणारी वाट हीच आहे.

यासाठी सर्वांत मोठी गरज शर्यतीच्या दिवसांची आहे. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांनी मिळून ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, गळीत हंगामाची धांदल वाढण्यापूर्वी, तीन दिवसांची शर्यत सुरू करावी. पहिल्या दिवशी शहरालगत छोटी टाइम ट्रायल, दुसऱ्या दिवशी सपाट आणि वाऱ्याचा लांब टप्पा, तिसऱ्या दिवशी पन्हाळ्याच्या पायथ्यापासून गडावर शेवट. बक्षिसाची रक्कम मोठी नसली तरी चालेल. पण वेळांची बेरीज, संघांची रचना आणि वेळेची मर्यादा आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे असावी. मुलींची स्वतंत्र शर्यत पहिल्या वर्षापासूनच असावी. राज्यातील पाच-सहा जिल्ह्यांनी हेच केले, तर एका हंगामात पंधरा-वीस दिवसांच्या शर्यती उभ्या राहतील आणि पुण्यात उतरणारा मुलगा जथ्याला घाबरणार नाही.

कोल्हापूरने नेमबाजीत तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिस २०२४ मध्ये कांस्य जिंकणारा राधानगरी तालुक्याचा स्वप्नील कुसाळे अशी परंपरा उभी केली. या परंपरेलाही सुरुवातीला साधनांची वानवा होती. फरक इतकाच, की नेमबाजाला रेंज मिळाली आणि स्पर्धांचे वेळापत्रक मिळाले. सायकलपटूला घाट आयता मिळालेला आहे. त्याला हवे आहेत ते त्या घाटावरचे मोकळे दोन तास, पावसाळ्यातील एक छप्पर आणि वर्षातील काही शर्यतीचे दिवस. एवढे मिळाले, तर पाचव्या दिवशी पन्हाळ्याच्या पोराचे पाय उरलेले असतील. तोवर पहिल्या दिवसाच्या त्याच्या वेगाचे कौतुक करताना त्यापुढच्या चार दिवसांचा विचार आपण केलेला नाही, याचे भान ठेवावे लागेल.